बाबांच्या उल्कांचं वजन

आभाळातून पडणाऱ्या खड्याचं वजन करायचं तर तराजू कुठून आणणार? खडा वरच्या वर जळून जातो, हाती काहीच लागत नाही. मग त्यानं जाताजाता उजेड किती पाडला, तो किती वेगानं आला, हे बघायचं आणि त्यावरून तो केवढा होता ते ठरवायचं. वेधशाळेतल्या कोपऱ्यातल्या खोलीत बसून ती अठरा वर्षं हेच करत होती. तिची ओळख करून देताना आई सांगायची, "आमची लेक नसलेल्या दगडांची वजनं करते." ते काही अगदीच खोटं नव्हतं.

या कामात उजेड चुकला की वजन चुकलंच. आणि उजेड माणसानं डोळ्यांनी जोखलेला असला, की माणसाचा स्वभावही त्यात उतरतो. एखादा प्रत्येक उल्का आहे त्याहून ठळक सांगतो, एखादा हात आखडता घेतो. म्हणून प्रत्येक निरीक्षकाच्या नावापुढं त्याची एक ठरावीक दुरुस्ती लिहिलेली असते. तेज प्रतींमध्ये मोजतात, आणि तिच्या वडिलांची दुरुस्ती होती अर्धी प्रत. तेवढ्यानं खडा दीडपट जड निघतो. राईचा पर्वत करायची बाबांची घरातही सवय होती, त्यामुळे तिला त्याचं कधी नवल वाटलं नाही.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. उल्का बघणं हा त्यांचा नाद. एकतीस वर्षं ते नोंदी पाठवत आले होते. ते रात्री टेपवर बोलत आणि दुसऱ्या दिवशी आई ते सुवाच्य अक्षरात तक्त्यावर उतरवून काढी. आता डोळ्यांनी केलेल्या नोंदींची मोठी सूची निघणार होती, आणि बाबांना त्यात आपलं नाव हवं होतं. तसं ते बोलून दाखवत नसत. फक्त दर आठवड्याला फोन करून सूची कुठवर आली ते विचारत.

शुक्रवारी सूची द्यायची होती. बुधवारी सकाळी तिनं बाबांचे आकडे वेधशाळेच्या कॅमेऱ्याशी ताडून पाहिले. कॅमेरा बसून पंधरा वर्षं झाली होती. पहिली सहा वर्षं सगळं नेहमीसारखं, बाबा अर्धी प्रत वर. मग एका नोव्हेंबरात तो फरक नाहीसाच झाला. पुढची नऊ वर्षं आकडे कॅमेऱ्याशी तंतोतंत जुळत होते. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. तिनं आकडे पुन्हा एकदा ताडून पाहिले. साठी उलटलेला माणूस असा एका महिन्यात सुधारत नाही. बाबांच्या जागी दुसरंच कुणीतरी बघत होतं, आणि नियम असा होता, की ज्यानं पाहिलं त्याचंच नाव. नाहीतर पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या नोंदी बाद.

दुपारी ती घरी गेली. बाबा खिडकीशी बसले होते, आई भाजी निवडत होती. तिनं आडवळणानं सुरुवात केली. बाबांनी डोळ्यांवर ढकललं. जरा धूसर दिसतं, वय झालं की व्हायचंच. पण ते पटण्यासारखं नव्हतं. धूसर डोळ्याला उल्का मंद दिसते, तसा शेजारचा ताराही मंद दिसतो. तुलना ताऱ्याशीच करायची, मग फरक पडेल कशानं? हे तिला बाबांनीच शिकवलं होतं.

तिनं आकड्यांचा कागद पुढं केला. बाबांनी हात पुढं केला, आणि तो कागदाच्या वीतभर अलीकडं थांबला. आईनं कागद घेऊन त्यांच्या बोटांत दिला, इतका सहज, की ती हे रोजच करत असणार. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. शंभर किलोमीटर उंचीवरच्या खड्याचं वजन सांगणाऱ्या मुलीला बापाची नजर गेल्याचं नऊ वर्षं कळलं नव्हतं. तिला स्वतःची फार लाज वाटली.

मग आईनंच सगळं सांगितलं. काचबिंदू होता, उशिरा कळला. नोंदी बंद झाल्या असत्या तर ह्यांनी अंथरूणच धरलं असतं, म्हणून ती शेजारी जाऊन बसू लागली. कुठला तारा कुठं ते ह्यांना पाठ होतं, दिसेल ते ती लिहीत गेली. लेकीला सांगितलं नाही, कारण मग तिच्यावर ऑफिसात खोटं बोलायची पाळी आली असती. "मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "आपलं दिसलं ते लिहिलं."

लेकीनं होतं ते सांगून टाकलं. आईच्या आकड्यांना दुरुस्तीच लागत नव्हती. अख्ख्या सूचीत असे दोघंतिघंच निघतील. नोंदी वाचतील, पण शेवटची नऊ वर्षं आईच्या नावावर जातील. आता बाबा सगळंच मागं घ्या म्हणतील, अशी तिला धास्ती वाटत होती. बाबांनी हातातल्या कागदाची नीट घडी घातली.

"लिही तिचं नाव," ते म्हणाले. "पण तिची नऊच वर्षं का, असं कुणी विचारलं तर काय सांगशील?"

"असं कुणी विचारत नाही, बाबा."

"मी विचारतोय. बावीस वर्षं मी अंगणात एकटा बसायचो. ही आत जागीच असायची. मला दिसत होतं तोवर मी हिला एकदाही हाक मारली नाही."

आईनं भाजीवरची नजर उचलली नाही. "मारली असतीत तर आले असते," ती म्हणाली.