बाबांना ‘पुरे’ म्हणण्याचं सविस्तर कारण

“ह्यांना एखादं काम सांगितलंस, तर ‘पुरे’सुद्धा तूच म्हणायचं. विसरू नकोस,” असं सासूबाईंनी लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी मला बजावलं होतं. त्यांनी म्हणे एकदा बाबांना शिडी धरायला सांगितली आणि काम उरकून त्या तशाच बहिणीकडे गेल्या. संध्याकाळी परतल्या तर बाबा शिडी धरून उभे, शिडीवर कुणीही नाही. मला वाटलं, नवऱ्याबद्दल बायका थोडं वाढवूनच सांगतात. मी हसून सोडून दिलं.

बाबा म्हणजे माझे सासरे. सगळी नोकरी धरणावर, दरवाजे उघडण्या-मिटण्याची. सहीची चिठ्ठी हातात पडल्याशिवाय त्यांनी कधी चाकाला हात लावला नाही.

आज सकाळी आम्ही नवऱ्याच्या बोटीवर होतो. बोट शिडाची, जुनीच घेतलेली. वारा पडला तर धक्क्यापर्यंत यायला तिच्या पोटात एक छोटं इंजिन आहे. ते समुद्राचं पाणी ओढून स्वतःला थंड ठेवतं आणि तेच पाणी धुराबरोबर मागच्या नळीतून थुंकतं. आज धूर आला, पाणी आलं नाही.

“मागे कुणीतरी बघा रे, पाणी येतंय का!” नवरा आतून ओरडला.

माझ्या कडेवर अकरा महिन्यांची लेक. मी म्हटलं, “बाबा, तुम्ही बघता का?”

बस्, एवढंच म्हटलं मी.

बाबा मागच्या टोकाला गेले, कठड्याला धरून वाकले आणि म्हणाले, “पाणी नाही!” मिनिटभरानं पुन्हा, “पाणी नाही!” नवऱ्यानं इंजिन बंद केलं, तरी मिनिटाच्या मिनिटाला बातमी येतच राहिली.

नवरा शहाण्यासारखा एकेक बघत गेला. समुद्राचं पाणी आत घेणारा तळाचा कॉक उघडा होता. जाळीत शेवाळ होतं, ते काढलं. पाइप कुठे चेपला नव्हता. मग त्यानं पंपाचं झाकण उघडलं. आत रबराची चक्री असते, सहा पात्यांची. तीच पाणी ढकलते. त्यानं ती खाली वर्तमानपत्रावर ठेवली आणि पान्याला हात घातला. लेक शेजारीच चटईवर होती. मी फक्त तिचं दुपटं झटकायला वळले.

मी पुन्हा बघितलं तेव्हा चक्रीला पाच पात्या होत्या आणि लेक काहीतरी चघळत होती.

“ही चक्री पाचचीच होती का रे?”

“सहाची असते.”

“आत्ता किती होत्या?”

“मोजल्या नाहीत गं!”

मी तिच्या तोंडात बोट घातलं. चार दात आणि भरपूर लाळ. बाहेरून आवाज आला, “पाणी नाही!”

आम्ही तिला उचलून दवाखान्यात पळालो. जाताना नवऱ्यानं मिस्त्रीला फोन केला: असशील तसा बोटीवर जा, पंपाच्या पुढचे सगळे पाइप उघड, पाती इंजिनात गेलीय की माझ्या पोरीत, एवढंच सांग.

“काय गिळलंय?” डॉक्टरांनी विचारलं.

“पाती. पंपाची. बहुतेक.”

“किती?”

“सहापैकी एक.”

“मग बाकीच्या पाच कुठे आहेत?”

“पंपाच्या चक्रीला.”

त्यांनी तेही लिहून घेतलं. रबर एक्स-रे फोटोत दिसेलच असं नाही, म्हणाले. मग तिचं पोट दाबत विचारलं, “आत नीट जातंय ना? आणि मागून नीट येतंय?” मिस्त्रीनंही फोनवर इंजिनाबद्दल अगदी हेच विचारलं होतं. मी नुसती तिचे श्वास मोजत बसले. एखादा चुकला की पुन्हा एकपासून.

पाऊण तासानं फोन वाजला. “ताई, पाती सापडली. कोपऱ्यातल्या पाइपात अडकली होती.”

मला रडूच फुटलं.

“पण ताई, दोन सापडल्या.”

एक आधीच्या मालकाच्या वेळची असणार. की दोन्ही त्याच्याच? डॉक्टरांनी माझ्या हातातून फोन घेतला. “सगळं घेऊन या. चक्रीसकट!”

मिस्त्री तेलकट हातांनी आत आला. डॉक्टरांनी चिमट्यानं पहिली पाती उचलून चक्रीला लावली. आखूड पडली. दुसरी लावली. फाटलेल्या कडेला फाटलेली कड अशी भिडली, की सांधा दिसेना.

“बसली!” डॉक्टर ओरडले. नर्सनं टाळ्या वाजवल्या. लेक तर एवढ्या गोंधळावर नाराज होऊन माझ्या खांद्यावर झोपूनच गेली. आणि चघळत काय होती म्हणाल, तर माझ्या ओढणीचा गोंडा. तो आता तिच्या मुठीत सापडला.

मिस्त्री दारात घुटमळला. “ताई, ते बाबा अजून मागेच वाकलेत. मी म्हटलं, बाबा, पंप माझ्या हातात आहे, पाणी येणार कुठून? तर म्हणाले, ‘कारण तू बघ. मी पाणी बघतो.’”

बाबांचा फोन माझ्या पिशवीत. टोपीही माझ्याच पिशवीत. मी कागदावर ‘बाबा, पुरे’ लिहून सही केली आणि नवऱ्याला पिटाळलं. तो चिठ्ठी घेऊनच परत आला. खाली बाबांचं टपोरं अक्षर: ‘तारीख नाही. वेळ नाही. कारण सविस्तर लिहावे.’

“ओढून आणायचंस ना!”

“वर मलाच म्हणाले, मला इथे सूनबाईंनी ठेवलंय, तू मध्ये पडू नकोस.”

आता नवरा आणि मिस्त्री नवी चक्री आणायला गेलेत. लेक खांद्यावर आहे, मी उठले तर ती जागी होईल, आणि डॉक्टर म्हणालेत, लक्ष ठेवायला दोन तास इथेच थांबा, हलवू नका. तेव्हा हे सविस्तर कारण बसल्या जागी लिहिलं. तारीख आजचीच, वेळ दुपारी पावणेएक. सही खाली आहे.

धक्का इथून चालत दहा मिनिटांवर. निळ्या पट्ट्याची बोट, मागच्या कठड्यावर वाकलेले पांढऱ्या सदऱ्यातले एकाहत्तर वर्षांचे गृहस्थ. इंजिन तापलं तर सांगायला काटा असतो, बाबांना तो नाही. हे वाचणारं कुणी त्या बाजूला जात असेल, तर एवढा कागद त्यांना दाखवा, माझ्याकडची टोपी नेऊन घाला, पाणी पाजा, आणि कपाळ फार तापलं नाही ना, ते हात लावून बघून मला सांगाल का?