डब्याच्या वरचा कागद

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये शेवटची पाळी जेवून उठली की स्वयंपाकीणबाई उरलेल्या जेवणावर फिनेल ओतायची. मॅनेजरचा हुकूमच होता तसा. चांगलं अन्न नासवू नका, दान करा, असा कायदा होऊन वर्ष उलटलं होतं. त्याचा कागद फिनेलच्या डब्याच्या वरच, भिंतीवर चिकटवलेला होता. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ते हे असे!

फाटकाबाहेर अनाथाश्रमाची गाडी रिकामी पातेली घेऊन यायची. "काही उरलं नाही," म्हणून पहारेकरी तिला परत धाडायचा. हा पहारेकरी बाईचा पाठचा भाऊ. आई गेल्यावर तिनं त्याला आपल्या ताटातलं भरवून वाढवलं होतं.

त्या दुपारी एका भांड्यात साठ उकडलेली अंडी आणि पातेलंभर भात उरला. बाईनं डब्याला हात लावला नाही. भाताचं पातेलं उचलून ती दाराकडे निघाली.

कोपऱ्यात जेवत असलेला मॅनेजर ओरडला, "ए बाई! खाऊन कुणी मेलं तर कोर्टात तुझा बाप जाणार का?"

"साहेब, तुम्ही कागद अर्धाच वाचलात. चांगल्या मनानं चांगलं अन्न दिलं, तर देणाऱ्यावर खटला नाही. खालीच लिहिलंय."

"मला कायदा शिकवते? पहारेकरी! हाण तिला!"

भाऊ धावत आला. "ताई, ठेव ना गं खाली. माझी नोकरी जाईल."

"नाही ठेवत."

भावाची काठी तिच्या उजव्या मनगटावर बसली. हाड मोडलं. पातेलं आदळून भात फरशीभर झाला. भांडी घासणाऱ्या बायका माना खाली घालून घासतच राहिल्या. कसली ही माणसं!

बाईनं डाव्या हातानं फिनेलचा डबा उचलला आणि मॅनेजरच्या ताटात उपडा केला.

"जेवा साहेब. लेकरांच्या वाट्याचं रोज असंच करता ना?"

त्यानं तिचे केस धरून डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. रक्त डोळ्यांत उतरलं. "अजून एक हाण रे!"

भावानं काठी उगारली.

"मार," ती म्हणाली. "माझ्याच घासांवर पोसलाय तुझा हात. मार."

काठी खाली आली ती केस धरलेल्या हातावर. मॅनेजर किंचाळत मागे कोसळला.

अंड्यांचं भांडं आधी आश्रमाच्या गाडीत चढलं, मग ताई आणि भाऊ. वाटेत भावानं गाडी पोलीस चौकीपाशी थांबवली.

"तक्रार लिहायचीय," तो हवालदाराला म्हणाला. "ताईचा हात मोडला."

"कुणी?"

"मी. पहिलं नाव माझं लिहा. साहेबांचं खाली. आणि हा कागद घ्या, भिंतीवरून काढून आणलाय. पूर्ण वाचा."