परीक्षेनंतरचा डबा

मुलीचा दहावीचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी दुपारी नवरा-बायकोने डबा उघडला. टिल्ली मैत्रिणींबरोबर सिनेमाला गेली होती. ती संध्याकाळपर्यंत यायची नव्हती, त्यामुळे महिनाभराची भांडणं निवांत करता येणार होती.

डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. टिल्ली चौथीत असताना आईबापांचं पडद्याच्या रंगावरून असं काही जुंपलं की पोरगी दुसऱ्या दिवशी निबंधात 'आमच्या घरात निळाच पडदा येणार' असं लिहून आली. निबंधाचा विषय झाड हा होता. तेव्हापासून बायकोने नियम केला. परीक्षेच्या महिन्यात घरात भांडण नाही, वाईट बातमी नाही, मोठा निर्णय नाही. जे असेल ते चिठ्ठीवर लिहायचं, डब्यात टाकायचं आणि शेवटचा पेपर झाला की उघडायचं. सहा वर्षांत नियम एकदाही मोडला नव्हता. महिन्याभरात निम्मी भांडणं शिळी होऊन जात आणि उरलेली वाचताना दोघांना हसू आवरत नसे.

"ही तुमची," बायको चिठ्ठी उलगडत म्हणाली. "'माझी मशीनवरची कात्री भाजीला वापरली. कोणी ते सांगायला नको.' अहो, भाजीला नाही, दुधाच्या पिशवीला."

"म्हणजे वापरली."

"पिशवीला. पुढचं वाचा."

"'घोरता. मी रेकॉर्ड केलंय.'" त्याने चिठ्ठी बाजूला ठेवली. "हे भांडण नाही, ही धमकी आहे."

चिठ्ठ्यांच्या खाली तपासणीचं पाकीट होतं. बायकोच्या मानेजवळ गाठ आली होती, सुई घालून त्यातलं थोडं काढून तपासायला दिलं होतं, त्याचा रिपोर्ट. पाकीट चिकटवलेलं, तसंच. बायकोने दाभणाच्या टोकाने पाकीट फोडलं, कागद वाचला आणि त्याच्याकडे सरकवला. त्यातले शब्द दोघांनाही कळले नाहीत. पण खालची दोन वाक्यं ठळक छापलेली होती, आणि चांगली गोष्ट कोणी ठळक छापत नाही एवढं दोघांना कळत होतं.

डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी पाहिलं. आधी कागद वाचला, मग वरची तारीख पाहिली, मग परत कागद.

"हा तेवीस दिवसांपूर्वीचा आहे," ते म्हणाले.

पत्र्याच्या डब्याची गोष्ट डॉक्टरांना कुठून सुरू करून सांगायची?

"आधी आला असतात तर उपचार आधी सुरू झाले असते. किती फरक पडला असता ते मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकणार नाही."

घरी येताना बायको म्हणाली, "टिल्लीला म्हणायचं, रिपोर्ट आजच आला. निकाल लागेपर्यंत तरी तेवढंच. पोरीला वाटायला नको की तिच्या परीक्षेपायी झालं." आणि थोडं पुढे गेल्यावर, "माझाच नियम मला नडला बघा. तुमच्यावर खापर फोडायची पण सोय नाही."

हसावं म्हणून ती बोलली होती. तोही हसला. खरी गोष्ट त्या क्षणी सांगता आली असती.

खरी गोष्ट एवढीच होती. लॅबमधून पाकीट आणायला तो एकटा गेला होता. काउंटरवरच्या माणसाने पाकीट देताना त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "डॉक्टरांना आजच दाखवा. उद्यावर टाकू नका." तो घरी आला. घराच्या पुढच्याच खोलीत त्यांचं दुकान, गाड्यांची सीटकव्हरं शिवायचं. कापायचं काम बायकोचं, शिवायचं त्याचं. ती टेबलावर रेक्झिन पसरून खडूने खुणा करत होती. आतल्या खोलीतून टिल्लीचा पाठांतराचा आवाज येत होता.

"आणलंत? काय म्हणाले?" बायकोने मान वर न करता विचारलं.

"काही नाही. दिलं."

"परवा गणित आहे. टाका डब्यात."

त्याने टाकलं. बायकोनेच ठरवलं म्हणून त्याला तेव्हा बरं वाटलं होतं. आज डॉक्टरकडे गेलो आणि काही निघालं, तर तोंडावर दिसणार, टिल्लीला कळणार, पोरीचं गणित जाणार, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता. तो स्वतः सातवीत गणितातच नापास झाला होता आणि पुन्हा शाळेत गेला नव्हता. टिल्लीचं तसं व्हायला नको होतं. काउंटरवरच्या माणसाचं म्हणणं त्याने बायकोला त्या दिवशी सांगितलं नाही, डॉक्टरकडून येताना नाही, आणि पुढे दवाखान्यात ती शुद्धीत होती तोपर्यंतही नाही. सात आठवड्यांनी ती गेली. जाईपर्यंत ती नियमालाच, म्हणजे स्वतःलाच, बोल लावत राहिली.

निकाल त्यानंतर बाराव्या दिवशी लागला.

अकरा वाजता लागणार होता. तो सकाळपासून मशीनवर बसला होता. बायकोने पुठ्ठ्याचे साचे कापून ठेवलेले होते, प्रत्येकावर तिच्या अक्षरात गाडीचं नाव आणि 'मागची सीट, डावी' असलं काहीतरी. त्या साच्यांवर तो आता स्वतःच कापत होता आणि रेक्झिन वाया घालवत होता. स्टुलावर टॅक्सीवाला बसला होता. त्याची पुढची सीट काढून जमिनीवर ठेवलेली होती.

"उस्ताद, आज राहू द्या," टॅक्सीवाला म्हणाला. "तुमचा पाय मशीनवर आहे आणि जीव आतल्या खोलीत. माझ्या सीटला बाही शिवाल."

"होतंय."

"काय होतंय? ही शिवण बघा. चालायला शिकलेलं पोर असं चालतं."

त्याने पाहिलं. शिवण खरंच वाकडी गेली होती. तो उसवायला बसला. आतून टिल्ली म्हणाली, "साइट उघडत नाहीये." पाच मिनिटांनी पुन्हा तेच. टॅक्सीवाल्याने स्वतःचा फोन काढला, त्यावरही उघडेना. "सगळ्या गावाची पोरं एकाच दारातून घुसतायत, कसं उघडणार," असं म्हणून त्याने फोन खिशात टाकला.

मग आतून आवाज बंद झाला. टिल्ली दारात आली आणि फोन त्याच्यापुढे धरला.

"एक्याण्णव, बाबा. गणितात अठ्ठ्याण्णव."

तो टॅक्सीवाल्याच्या उघड्या सीटवरच बसला, फोम दबला आणि स्प्रिंग करकरली. टॅक्सीवाला म्हणाला, "बसा, बसा. पहिलं भाडं तुमचंच." आणि त्याने टिल्लीच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, बापाला पाणी दे. पास तू झालीस आणि चक्कर याला आली."

बाप हसत होता. अठ्ठ्याण्णव हा आकडा तो पुन्हा पुन्हा बघत होता. आणि तेव्हा त्याच्या मनात एक वाक्य आलं: म्हणजे फुकट नाही गेलं.

ते वाक्य त्याने बोलावलं नव्हतं. पण ते आलं आणि क्षणभर त्याला खरोखर सुटल्यासारखं वाटलं, जड पोतं कोणीतरी पाठीवरून उतरवून घ्यावं तसं. मग आपण काय म्हणालो ते त्याचं त्याला कळलं. बायकोच्या तेवीस दिवसांसमोर त्याने गणिताचे मार्क ठेवून पाहिले होते, आणि त्याला बरं वाटलं होतं. त्याने फोन परत दिला आणि शिवण उसवू लागला. मघाशी उसवून झालेली होती, तीच.

दुपारी बायकोची धाकटी बहीण आली. आल्याआल्या तिने टिल्लीला मिठी मारली, दोघी रडल्या, मग हसल्या.

"ताई असती ना भावोजी, तर ती आज घरात नसतीच," मावशी म्हणाली. "दारोदार जाऊन सांगत सुटली असती. ज्यांच्याशी बोलत नव्हती त्यांच्याकडे आधी."

"त्यांच्याकडेच आधी," तो म्हणाला.

"पण खरं श्रेय तुमचं. परीक्षेच्या वेळी घरात गाठीचं एवढं चाललेलं, आणि पोरीच्या कानावर तुम्ही काही येऊ दिलं नाहीत. दुसरा कोणी असता तर तोंडातून गेलंच असतं. तुम्ही मुळातच कमी बोलता ते कामाला आलं."

तो उठून पाणी प्यायला गेला. तहान नव्हती.

मावशी गेल्यावर टिल्लीने जेवणाची भांडी घासायला घेतली. तो शेजारी उभा राहून पुसत होता. निकाल लागला की खरं सांगायचं हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. बायकोने घातलेली मुदत आज संपली होती. कुठल्या वाक्याने सुरुवात करायची तेही त्याने मशीनवर बसून जुळवलं होतं. तो घसा खाकरतो तोच टिल्ली म्हणाली,

"बाबा, एक सांगू? ओरडणार नाहीस ना?"

"आज कोण ओरडेल तुला."

"मी डबा उघडला होता. भूगोलाच्या आदल्या दिवशी. तुमचं माझ्यावरून काही वाजलंय का बघायला." ती ताटलीवर हात फिरवत राहिली. ताटली केव्हाच स्वच्छ झाली होती. "आईचं पाकीट होतं त्यात. बंद. वर तारीख होती. तुम्ही नंतर म्हणालात की रिपोर्ट आजच आला, तेव्हा मला माहीत होतं तसं नाहीये."

त्याचा पुसायचा हात थांबला.

"मला तेव्हाच वाटलं होतं की हे ठेवायचं पाकीट नाही. आईला विचारावं असं आलं होतं मनात. पण विचारलं असतं तर काहीतरी कळलं असतं, आणि मला कळून घ्यायचं नव्हतं. पेपर चांगले जायला हवे होते मला." तिने नळ बंद केला. "आज एक्याण्णव दिसले ना, तेव्हा पहिल्यांदा तेच आठवलं."

"टिल्ले, तू लहान आहेस. तुझी काय चूक त्यात."

"लहान काय, सोळाची आहे." तिने त्याच्याकडे पाहिलं. आईसारखंच सरळ बघायची ती. "तुला माहीत होतं का रे बाबा, लगेच दाखवायला हवं होतं म्हणून?"

वाक्य जुळवलेलं होतं. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"नाही," तो म्हणाला. "कसं माहीत असणार?"

"बघ ना. तुला काही वाटलं नव्हतं, आईलाही नाही. घरात शंका फक्त मला आली होती."

ती हात पुसून आत गेली. मागे जावं, दार वाजवावं, असं त्याला वाटलं. तो दारापर्यंत गेलाही. आतून तिच्या मैत्रिणीचा फोन वाजला आणि ती कोणाला तरी मार्क सांगू लागली, एकेका विषयाचे, सपाट आवाजात. तो परत येऊन भांडी लावू लागला.

या गोष्टीला आता तीन आठवडे झाले. टिल्लीचा पुढच्या कॉलेजचा अर्ज भरून झाला आहे. गणित तिने सोडून दिलं. का, असं विचारल्यावर नको वाटतं म्हणाली. टॅक्सीवाल्याची सीट शिवून गेली, इतर कामंही वेळेवर जातात. जेवताना ती बापाच्या ताटात आधी वाढते आणि तो नीट जेवतो का ते बघते, जणू तिनेच त्याचं काही हिरावून घेतलं आहे.

तो रोज सकाळी ठरवतो. काउंटरवरच्या माणसाने काय बजावलं होतं, ते त्याने तिला अजून सांगितलेलं नाही.