रोवेनाने इंजिन घालवलं म्हणतात

मित्रांनो, नेवाडाच्या वाळवंटात एका पत्र्याच्या शेडमध्ये निळ्या रंगाची फोर-स्ट्रोक डर्ट बाइक धूळ खात उभी आहे, ती मी. माझ्याबद्दल गावात एक गोष्ट सांगतात. ती धादांत खोटी आहे. खरी मला ठाऊक आहे, पण गाडीला विचारतो कोण?

कारखान्यातून आले तेव्हापासून मी नाजूक. शर्यतीच्या गाड्या अशाच असतात. अंगात रग भरपूर, पण लाडही तेवढेच लागतात. वाळूतून आलं की माझा हवेचा फिल्टर धुवायचा, वाळवायचा आणि त्याला चिकट तेल चोळायचं. तो असतो स्पंजचा. धूळ अडते ती तेलामुळे. कोरडा बसवला तर वाळू सरळ माझ्या पोटात जाते.

माझे मालक डेल्बर्ट, गावच्या मोटरसायकल क्लबचे अध्यक्ष. मला चालवायची त्यांची मुलगी रोवेना. ती खाणीवर डंपर चालवायची. तिचा हात इतका हलका, की दगडधोंड्यांतूनही तिने मला कधी दुखवलं नाही. पण पान्याला हात लावायची तिला मनाई होती. "तू चालव, मशीन मी बघतो," असं डेल्बर्ट म्हणायचे. त्या वर्षी क्लबच्या संघात ती पहिल्यांदा निवडली गेली. त्या जागेसाठी पोरीने जिवाचं रान केलं होतं.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात डेल्बर्टनी फिल्टर धुतला, वाळवला आणि तेलाचा डबा उघडणार तोच क्लबची मंडळी बिअर घेऊन आली. गप्पा रंगल्या. उठता उठता डेल्बर्टनी फिल्टर तसाच बसवून टाकला. रोवेनाने विचारलंसुद्धा, "बाबा, तेल लावलंत ना?"

"तू रांगत होतीस तेव्हापासून मी फिल्टरला तेल लावतोय. मला शिकवू नकोस."

हे काही उत्तर झालं नाही. पण तिने मानलं, बाप आहे म्हणून. नंतरचे दिवस पिठासारख्या धुळीत सराव झाला आणि ते पीठ मी गिळत राहिले.

आमच्याकडे शर्यतीला इंजिन बंद ठेवूनच रांगेत उभं राहतात. समोरचा झेंडा पडला की किक मारायची. त्या सकाळी गरम करायला म्हणून मी कशीबशी चालू झाले होते. पण झेंडा पडला, रोवेनाने किक मारली आणि तिचा पाय लोण्यातून जावा तसा खाली गेला. कॉम्प्रेशन गेलं होतं. पिस्टन हवा दाबत होता, पण हवा आत कोंडून राहतच नव्हती. तिने पुन्हा किक मारली, पुन्हा मारली. बाकीचे धुरळा उडवत निघून गेले आणि आम्ही दोघी तिथेच राहिलो.

डेल्बर्ट धावत आले. चारचौघांत म्हणाले, "पिळून पिळून मारलंस ना इंजिन?"

"काका, तिला आपला डंपरच बरा," त्यांचा पुतण्या कर्टिस म्हणाला, आणि सगळे हसले. संध्याकाळी तिची जागा त्यालाच दिली.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये डेल्बर्टनी स्पार्क प्लग काढून त्या भोकातून दाबाची हवा माझ्यात सोडली. ही हवा कुठून फुसफुसते त्यावरून रोग कळतो. खालून, इंजिनच्या पोटातून आली तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. सायलेन्सरमधून आली तर धूर सोडणाऱ्या झडपा. माझी हवा आली फिल्टरच्या बाजूने. म्हणजे हवा आत घेणाऱ्या झडपा वाळूने खाल्ल्या होत्या. मित्रांनो, जमेल तितक्या मोठ्याने मी शीळ घालत होते.

त्यांनी फिल्टर काढला. खडखडीत कोरडा. आतल्या नळीत बोट फिरवलं, ते धुळीने पांढरं झालं. त्यांनी बोटाकडे पाहिलं. मग पँटला पुसलं.

रोवेना दारातच उभी होती. "आवाज फिल्टरकडून येतोय, बाबा."

"रिंगा गेल्यात. जास्त पिळलं की जातात."

"मला ऐकू येतंय."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

तिने त्यांच्या पँटवरच्या डागाकडे पाहिलं. "गाडीचं राहू द्या. क्लबमध्ये एकदा सांगाल का, माझी चूक नव्हती म्हणून? एवढंच मागते."

डेल्बर्टनी हवा बंद केली. माझा आवाजही बंद झाला. त्या माणसाची मला तेव्हा शिसारी आली, ती अजून गेलेली नाही.

महिन्याभरात रोवेना वायोमिंगच्या खाणीवर निघून गेली. मला नव्या झडपा बसल्या. कर्टिसने माझ्यावर बसून चषक आणला, मग त्याने नवी गाडी घेतली आणि मी इथे कोपऱ्यात आले.

परवा क्लबचा एक नवा सभासद शेडमध्ये आला. मला पाहून म्हणाला, "झकास आहे. कुणाची?"

डेल्बर्टनी माझ्या सीटवरून प्रेमाने हात फिरवला. "माझ्या पोरीची. तिने इंजिन घालवलं होतं, मी वाचवलं." आवाज जरासुद्धा अडखळला नाही. आता त्यांना स्वतःलाही ते खरं वाटतं.

मित्रांनो, गाडीची निगा राखा, हे तर मी सांगणारच. पण कधी फिल्टरला तेल लावायचं विसरलात, तर विसरलो म्हणा, आणि त्याच दिवशी म्हणा. झडपा काय, नव्या मिळतात.