कंसातली शेळी

पाटोद्यात कल्याणरावांचं पेंड-सरकीचं दुकान. हौसेला मोल नाही म्हणतात, म्हणून त्यांनी दुकानाच्या माळ्यावर सॉफ्टवेअर कंपनीही थाटली. जनावरांचे बाजारभाव सांगणारं ॲप तिथं बनत होतं आणि ते बनवायला एकटी शिवानी होती. ही नोकरी सुटली की घरचे तिला उजवून मोकळे होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ॲपचा जुना भाग जावात होता, नवा कोटलिनमध्ये. संगणकाच्या या दोन भाषा एका घरातल्या जावांसारख्याच: चूल एक, रीत वेगळी. कोटलिनमध्ये ‘शेळी.भाव()’ लिहिलं की भाव येई. वाचणाऱ्याला वाटावं, शेळीच बोलतेय. खरं तर भाव सांगायचं काम तिला बाहेरून जोडलेलं. जावाला असली सोंगं चालत नाहीत. तिथं ‘दलाल.भाव(शेळी)’ असंच लिहावं लागतं, म्हणजे शेळी नेऊन दलालापुढं उभी करायची.

कल्याणरावांनी संगणकाच्या पडद्यावर हे वाचलं आणि त्यांचं डोकं फिरलं.

"शेळीला कंसात कावून कोंडली?"

"काका, जावात तसंच लिहावं लागतं."

"माझ्या कंपनीत ज्याचं काम त्यानंच करायचं. मधी दलाल न्हाई पायजे!" हे बोलणाऱ्याची निम्मी हयात दलालीत गेली होती. "सांजच्याला दोन्हीकडं सारखं दिसलं पायजे. न्हाईतर उद्यापासून या खुर्चीत आमचा भाचा."

भाचा संगमेश्वर मोबाईलची कव्हरं विकायचा.

शिवानी संतापून त्यांच्या मागोमाग खाली दुकानात आली. तेवढ्यात टेम्पोवाल्या आसारामनं विचारलं, "मालक, पेंड कुठं उतरवू?"

"सांगतो," म्हणत कल्याणराव दुकानामागच्या पडद्याआड गेले. आत त्यांच्या पत्नी नीलम्माकाकू तूर निवडत होत्या. लगेच बाहेर येऊन ते रुबाबात म्हणाले, "मी ठरवलंय. मागच्या गोदामात."

शिवानी हसली. ते गल्ल्यावर बसताच ती आत गेली.

"काकू, काका मला काढायलेत."

काकूंनी सगळं ऐकून घेतलं, सूप बाजूला ठेवलं. "त्यांना आत पाठव."

थोड्या वेळानं कल्याणराव धापा टाकत माळ्यावर आले. "मी लई इचार केला. ऱ्हाऊ दे शेळी कंसात. तू बी ऱ्हा. निर्णय माझा हाय, बरं का!"

"व्हय काका, तुमचाच."

ते वळताच शिवानीनं जावात एक ओळ लिहिली: ‘नीलम्मा.निर्णय(कल्याणराव)’. आणि घाईघाईनं पुसली. मालकांना आता कंस वाचता येत होता.