भिकुबाईचा नंबर

सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव. आम्ही आठ मजूर बायांनी घरी पर्यटक ठेवायचं ठरवलं, तेव्हा नियम मीच घातला. पाहुणे नंबरानं घरोघर जातील, ओढाओढी करायची नाही. आणि तो मोडला तोही मीच.

त्या दिवशी नंबर भिकुबाईचा. एकटी बाई, पत्र्याचं घर. पाहुणे जळगावचे कापडवाले प्रकाशचंदशेठ, त्यांच्या चंद्रकांताबाई आणि नात जिनल. मला वाटलं, एवढी मोठी माणसं त्या पत्र्याखाली बसली तर गावाची काय शोभा? माझ्याकडे फरशी आहे, नवा संडास आहे. सकाळीच जाऊन सांगितलं, "भिकू, यांना मी नेते. तू पुढच्या खेपेला."

ती अंगण सारवत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं अक्का."

पाच वाजता पाहुणे आले. मी ताटं वाढली. भरीत, ठेचा, शेवभाजी. चंद्रकांताबाईंनी हात मागे घेतला. "आम्ही जैन, बाई. लसूण, वांगं चालत नाही. दिवस मावळल्यावर जेवतही नाही. फोनवर सांगितलं होतं की."

फोन घेतो तो माझा मुलगा समाधान. मी त्याच्यावर डोळे वटारले.

"मी भिकूमावशीला सांगितलं होतं, आई. नंबर तिचा होता ना!"

सूर्य डोंगराला टेकायला आला होता. मी भिकूकडे गेले. चुलीवर उपडं खापर तापलेलं, त्यावर पुरणाचा मांडा फुलत होता. कच्च्या केळीची भाजीही तयार. गल्लीतली पोरं जेवायला बसवली होती.

"पुरण सकाळीच वाटेल व्हतं," ती म्हणाली. "टाकी देऊ का?"

"पाहुणे उपाशी शेतस, भिकू."

"मग डबा भरी देस. तुमना घरमाच जेवू द्या. मनं घर पत्रानं शे, तुम्हले लाज वाटस ना?"

डबा नेला असता तर सगळं झाकलं असतं. वाहवाही माझीच झाली असती.

"डबा नको," मी म्हणाले. "पाहुणा तुना शेतस. मी त्यासले आठेच लई येस."

पाहुणे आले. शेठ पोरांच्या पंगतीत मांडी घालून बसले. जिनल खापराजवळून हलेना. मी दारातच उभी.

"अक्का, उभ्या काबर? पानी द्या," भिकू खापरावरून ओरडली.

या गावात मला काम सांगायची कोणाची छाती नाही. मी तांब्या उचलला आणि तिच्या पाहुण्यांना पाणी वाढलं.