देवाजीचा बायोडाटा

"थांबा नं बाबा! तिथं स्वल्पविराम आहे!"

"काहून थांबू?" मोठ्यानं वाचणाऱ्या देवाजीनं कागदावरून मान वर केली.

"दम घ्यायले."

"तुह्या बापाले आजवर कोनी दम घेऊ देला नाही वं तारे," चुलीपाशी बसलेली आई, प्रेमिला, हसली. "तूच पह्यली!"

दहावीतली तारा आज हवेतच होती. शाळेत बाईंनी बायोडाटा लिहायला शिकवला, वर्गात सगळ्यांत शुद्ध तिचा निघाला, आणि त्याच आठवड्यात लकडगंजच्या लाकूड कापायच्या आरामशीनवर मोजणीदाराची जागा निघाली! बावीस वर्षं बाबांनी तिथं ओंडके वाहिले होते. आता उजवा खांदा इतका ठणकायचा की हात वर जाईना. मोजणीदाराला खुर्ची असते, हातात टेप असतो. बास, बाबा खुर्चीत बसणार! तिनं समास सोडला, पट्टीनं रेघा आखल्या, एकेक पूर्णविराम टाचणीच्या डोक्याएवढा गोल काढला.

"आता तुम्ही एकडाव तपासा," म्हणून ती नळावर पाणी भरायला गेली. परत येते तो काय! ओळीओळीपुढे गेरूची लाल रेघ. आरामशीनवर मोजून झालेल्या ओंडक्यावर ओढतात, अगदी तशी.

"बाबा! हा कागद आहे, सागवान नाही!"

"तूनंच तपासाले सांगतलं नं!"

हसावं की रडावं, ताराला कळेना. तेवढ्यात तिला दिसलं, एका ओळीपुढे रेघच नव्हती. 'शिक्षण: चौथी उत्तीर्ण.'

"ही राह्यली."

"राह्यली नाही. परीक्षेच्या दिवशी मी सावनेरले गहू कापून राह्यलो होतो."

"पन आरामशीनच्या पाटीवर 'चौथी पास पाह्यजे' लिहून आहे! कोन पाहाले येते बाबा?"

"पोरी, मोजलं नाही त्याच्यावर मी खूण करत नसतो."

तारानं नवा कागद घेतला. 'तिसरी उत्तीर्ण' लिहिलं आणि पेटून उठून खाली आणखी एक ओळ ठोकली: 'डोळे मिटून, नुसत्या वासावरून लाकूड ओळखतो.' देवाजीनं ती दोनदा वाचली आणि गालातल्या गालात हसला.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना ती मुद्दाम आरामशीनच्या फाटकाशी थांबली. बाबा इस्त्रीचा सदरा घालून मालकासमोर उभे होते. मालकानं कागद सावकाश वाचला. शेवटच्या ओळीला तर तो चक्क हसला! तारानं टाचा उंचावल्या.

"झकास लिहिलं गा देवाजी," मालक म्हणाला. "पन चौथी पाह्यजे होती."

देवाजीनं कागद परत घेतला, नीट घडी घालून खिशात ठेवला. सदरा काढला, कॉलरला भुसा लागू नये म्हणून उलटा करून खुंटीवर अडकवला, आणि जाऊन ओंडक्याखाली डावा खांदा दिला.